चूक ट्रकची होती, हे सिद्ध कसं करायचं?

महामार्गावर ट्रकने कुणाला उडवलं की जमलेल्या गर्दीच्या मनात दोष कुणाचा याबद्दल शंका नसते. मोठ्या गाडीची चूक, असा आपल्याकडचा रिवाजच आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मात्र हा रिवाज चालत नाही. तिथे दोन-चार वर्षांनी विमा कंपनीचा वकील उभा राहतो आणि शांतपणे विचारतो, मयत मोटारसायकलस्वार उलट्या दिशेने येत नव्हता कशावरून? तोवर डांबरावरच्या टायरच्या खुणा गेलेल्या असतात, ट्रक दुरुस्त होऊन पुन्हा धंद्याला लागलेला असतो आणि धडक डोळ्यांनी पाहणारा ढाब्यावरचा पोरगा गावी निघून गेलेला असतो. भरपाईच्या दाव्याचं नशीब बरंचसं पहिल्या पंधरवड्यातच ठरतं, आणि नेमका त्याच पंधरवड्यात घरातला प्रत्येक माणूस दवाखान्यात नाहीतर सुतकात असतो. म्हणून हा लेख अपघातग्रस्तांइतकाच त्यांच्या मेव्हण्यासाठी, चुलतभावासाठी, शेजाऱ्यासाठी आहे. कागद गोळा करण्याचं काम अशा वेळी त्यांनीच अंगावर घ्यायला हवं.

आधी दोषाला एवढी किंमत का, ते आकड्यांत पाहू. मोटार वाहन कायद्याचं कलम 164 सांगतं की कुणाची चूक होती हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. वाट सोपी आहे, पण रक्कम ठरलेली. विमा कंपनीशी तडजोडीच्या प्रक्रियेत ती स्वीकारली की कलम 166 खालचा मोठा दावा संपतो. आता कलम 166 चा हिशेब मांडा. समजा, 32 वर्षांचा प्लंबर, महिन्याची कमाई 20 हजार, मागे बायको, दोन मुलं आणि आई. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या दोन निकालांनी पद्धत घालून दिली आहे. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाच्या कमाईत भविष्यातल्या वाढीपोटी 40 टक्के मिळवायचे, म्हणजे 28 हजार. चार अवलंबितांसाठी त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा, उरले 21 हजार. वर्षाचे 2 लाख 52 हजार. या वयाला गुणक 16, म्हणजे 40 लाख 32 हजार. शिवाय नात्याच्या वियोगापोटी प्रत्येकी 48,400 आणि अंत्यविधी व मालमत्तेच्या हानीपोटी प्रत्येकी 18,150, असे 2023 पासूनचे वाढीव आकडे धरले की एकूण बेरीज 42 लाख 61 हजार 900 होते.

आता मयताचाही 30 टक्के दोष होता असं न्यायाधिकरणाला वाटलं, तर यातून पावणेतेरा लाखांहून थोडी जास्त रक्कम कापली जाते. विमा कंपनी भांडते ती या टक्क्यांसाठी. मुळात धडक झालीच नाही, असं ती सहसा म्हणत नाही.

पंचनामा वाचून पाहा

फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा आणि मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल या तीन कागदांवर पुढचा सगळा डोलारा उभा राहतो. फिर्यादीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ती घेऊन घरी ठेवून देऊ नका, तिथेच वाचा. ट्रकचा नंबर एका अक्षराने चुकलेला असतो, वेळ रात्री दहाऐवजी सकाळी दहा पडलेली असते, दिशा उलटी लिहिलेली असते. फिर्याद बहुधा दवाखान्यातून, अपघात न पाहिलेल्या नातेवाइकाच्या तोंडून लिहिली जाते. ‘माझा भाऊ समोरून येत असता’ असं एक वाक्य घाईत पडतं आणि पुढे उलटतपासणीत तेच वाक्य मानगुटीवर बसतं. जे पाहिलं नाही ते सांगू नये. ‘मला अमुक वाजता फोन आला, मी पोहोचलो तेव्हा ट्रक असा उभा होता’ एवढंच सांगितलेलं बरं. चूक राहिलीच असेल तर तपासी अंमलदाराकडे लगेच पुरवणी जबाब नोंदवायला सांगा.

पंचनाम्यात काय असायला हवं, हे जरा बारकाईने सांगतो, कारण निम्मे दावे इथेच लंगडे होतात. ‘ट्रक रस्त्याच्या कडेला उभा दिसला’ हे वाक्य काहीच सांगत नाही. कडेला म्हणजे पांढऱ्या पट्टीच्या आत की बाहेर, किती फूट? रस्त्याची एकूण रुंदी किती, दुभाजक आहे का? काचांचा सडा, सांडलेलं ऑइल, रक्ताचे डाग रस्त्याच्या कोणत्या अर्ध्या भागात आहेत? धडकेची जागा बहुतेक वेळा तीच असते. वाहनं घसरत, फरफटत भलतीकडे जाऊन थांबतात, काचा मात्र धडकेपाशी पडतात. टायर घसरल्याच्या खुणा किती लांब आहेत, आणि मुळात आहेत का? खुणाच नसतील तर चालकाने ब्रेक लावला नाही, असा युक्तिवाद करायला जागा मिळते. पंचनाम्यासोबतचा हातनकाशा ही सगळी मापं दाखवतो, किंवा दाखवत नाही.

पोलीस ही मापं घेतीलच याची खात्री नसते. एकाच अंमलदाराकडे एका रात्रीत तीन अपघात येतात, हेही खरं आहे. म्हणून घरातल्या कुणीतरी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उजेडात जाऊन मोबाइलवर फोटो आणि व्हिडिओ घ्यावेत. आधी लांबून, मैलाचा दगड किंवा ओळखीची पाटी दिसेल असे, मग जवळून. ट्रक पोलीस ठाण्याच्या आवारात आणलेला असतो, त्याचेही फोटो घ्या. मागच्या लाल परावर्तक पट्ट्या आहेत का, की चिखलाने माखल्या आहेत. टेललाइटच्या काचा, टायरचं झिजलेलं रबर, मागचा आडवा लोखंडी गार्ड, बाहेर आलेल्या सळया. निरीक्षकाची तपासणी झाली की मालक ट्रक सुपूर्दनाम्यावर सोडवून नेतो, आणि पुढच्या आठवड्यात त्याला नव्या पट्ट्या लागलेल्या असतात. ट्रकला विमाच नाही असं निघालं, तर पुरेशी हमी घेतल्याशिवाय तो सोडू नये असा अर्ज तातडीने द्या. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तसे निर्देश दिलेले आहेत.

जवळच्या पेट्रोल पंपाचे, ढाब्याचे, टोलनाक्याचे कॅमेरे पाहून ठेवा. जागा भरली की त्यातलं चित्रण आपोआप पुसलं जातं, कधी आठवड्यात, कधी महिन्यात. पंपवाल्याकडे हात जोडून पेनड्राइव्हवर घेतलेली प्रत पुढे अडते, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं. चित्रण जप्त करा असा लेखी अर्ज पोलिसांना द्या आणि पोच घ्या. पोच असलेला अर्ज हाही पुरावाच असतो. पोलिसांनी काही केलं नाही तरी तुम्ही वेळेत मागणी केली होती, हे तो दाखवतो.

2022 पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार तपासी अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत दावा न्यायाधिकरणाला पाठवायचा आहे. अपघातग्रस्तांना त्यांचे हक्क सांगणारा छापील नमुनाही 10 दिवसांत द्यायचा आहे. हा नमुना मागून घ्या. मागितल्यावर ठाण्यात कुणी चमकून पाहिलं तरी हरकत नाही.

ट्रक स्वतःचीच साक्ष घेऊन फिरतो

खासगी कार आणि मालवाहू ट्रक यांच्यात दाव्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. ट्रक धंद्यावर निघालेला असतो आणि धंदा कागदावर चालतो. बिल्टीवर माल कुठे, किती वाजता भरला ते असतं. ई-वे बिलावर निघाल्याची आणि पोहोचण्याची मुदत असते. काटा पावतीवर भरलेलं वजन असतं. प्रत्येक टोलनाक्यावर फास्टॅगमधून पैसे कापल्याची तारीख आणि वेळ असते. वाळू-खडीचा डंपर असेल तर गौण खनिजाच्या वाहतूक पासावर वेळ असते. उसाचा ट्रक असेल तर कारखान्याच्या काट्याची पावती असते. आरसी बुकवरचं मंजूर वजन आणि काट्यावरचं वजन शेजारी ठेवलं की ओव्हरलोड उघडा पडतो. कलम 113 ने तो मना केला आहे, आणि कलम 194 खाली त्यासाठी 20 हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला 2 हजार दंड आहे. जादा वजनाचा ट्रक थांबायला जास्त अंतर घेतो, हे न्यायाधीशांना वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

फास्टॅगच्या नोंदी तर सोन्यासारख्या. समजा, ट्रक पहाटे पाचला नाशिकजवळ धडकला. आदल्या दुपारी त्याने इंदूरजवळचा टोल ओलांडलेला असेल आणि मधल्या नोंदींमध्ये विश्रांतीला जागाच नसेल, तर चालक रात्रभर चाकावर होता हे त्याच्याच मालकाच्या खात्यातून सिद्ध होतं. कामगार कायद्याप्रमाणे चालकाला दिवसाला 8 तासांहून अधिक राबवायचं नाही. प्रत्यक्षात हा नियम किती ट्रान्सपोर्टवाले पाळतात, ते कोणत्याही ढाब्यावर अर्धा तास बसलं की कळतं. दोन टोलनाक्यांमधलं अंतर आणि वेळ यांवरून सरासरी वेगही काढता येतो. 1 ऑक्टोबर 2015 पासूनच्या मालवाहू गाड्यांवर सर्वसाधारणपणे ताशी 80 किलोमीटरचं वेगनियंत्रक असायला हवं. सरासरीच त्याच्या पुढे गेली, तर नियंत्रकाशी कुणीतरी छेडछाड केलेली आहे.

हे कागद मालक आपणहून देणार नाही. पण दावा न्यायाधिकरणाला साक्षीदार बोलावण्याचे आणि दस्तऐवज मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. टोल चालवणारी कंपनी, फास्टॅग देणारी बँक, माल पाठवणारी फर्म, ट्रकवर जीपीएस असेल तर ती सेवा देणारा, यांना समन्स काढण्याचा अर्ज वकिलाला लवकर द्यायला सांगा. हा अर्ज फार थोडे वकील करतात. बरेच दावे फिर्याद, पंचनामा आणि विधवेची साक्ष एवढ्यावरच चालतात, निभावूनही जातात. पण दोषाच्या टक्क्यांवर वाद आहे तिथे हाच अर्ज पारडं फिरवतो.

‘ब्रेक फेल झाले साहेब’

चालकाच्या तोंडून निघणारं हे पहिलं वाक्य. पुण्यात नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर ते कितीदा ऐकू आलं असेल. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथे एका ट्रकने एका फटक्यात डझनावारी गाड्यांना धडक दिली होती. या उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची सवय चालकांना आहे, ही तक्रार जुनीच. गिअर काढला की इंजिनाचा रेटा जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि पकड सुटते. इंजिनच बंद केलं तर एअर ब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो. असा ब्रेक ‘फेल’ होत नाही, केला जातो.

कायद्याची बाजू इथे स्वच्छ आहे. मिनू मेहता (1977) या मुंबईतल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की यांत्रिक बिघाडाचा बचाव घ्यायचा असेल तर तो सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. आपण वाजवी काळजी घेतली होती आणि तरीही दोष लपून राहिला, हे त्याने दाखवायचं. म्हणजे देखभालीची बिलं, ब्रेक लायनर बदलल्याच्या पावत्या, फिटनेस प्रमाणपत्र त्याने आणायचं. निरीक्षकाच्या अहवालात ‘ब्रेक कार्यक्षम’ असा शेरा असेल तर बचाव तिथेच संपतो. ‘ब्रेक निकामी’ असं लिहिलेलं असेल तरी घाबरू नका, चूक फक्त चालकाकडून मालकाकडे सरकते. नुकसानभरपाईला दोन्ही चालतात.

उभ्या ट्रकला मागून धडक

रात्री महामार्गावर बंद पडलेला ट्रक, मागे दोन दगड आणि झाडाची एक फांदी ठेवलेली, दिवे बंद. मोटारसायकल किंवा कार मागून आत शिरते. अशा प्रकरणांत पोलीस पुष्कळदा गुन्हा मयतावरच नोंदवतात: ‘हयगयीने वाहन चालवून स्वतःच्या मरणास कारणीभूत’. घरच्यांना वाटतं, आता संपलं. संपलेलं नसतं. धोकादायक स्थितीत वाहन सोडण्याला कायद्याच्या कलम 122 ने मनाई आहे. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुषमा प्रकरणात एका कारच्या अपघाताचा निकाल दिला. चौदा चाकी ट्रेलर महामार्गाच्या मध्ये कोणतीही सूचक खूण न ठेवता उभा होता. खालच्या न्यायालयांनी कारचालकावर टाकलेला निम्मा दोष सर्वोच्च न्यायालयाने पुसून टाकला.

अशा वेळी फांदी आणि दगडांचा फोटो, टेललाइटची स्थिती, त्या जागी रस्त्यावर दिवे होते का, ट्रक किती वेळ तिथे उभा होता, याला सगळं महत्त्व. किती वेळ उभा होता हे महामार्गाच्या गस्ती पथकाच्या आणि 1033 या मदत क्रमांकावरच्या नोंदींतून कळू शकतं. गुन्हा मयतावर नोंदवला असेल तर पोलीस अधीक्षकांकडे कारणांसह लेखी तक्रार द्या. त्यातून काही निष्पन्न होवो न होवो, दावा दाखल करायला त्याची आडकाठी नाही. पोलिसांचं मत न्यायाधिकरणाला बांधून ठेवत नाही.

फौजदारी खटल्याबद्दलचा मोठा गैरसमजही इथेच दूर करू. ‘ड्रायव्हर निर्दोष सुटला, आता क्लेम जाणार’ हे सर्रास ऐकू येतं. फौजदारी न्यायालयात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. दाव्यात तसं नाही. दोन्ही बाजूंचं ऐकून कोणती हकीकत अधिक संभवनीय वाटते, एवढंच पाहायचं असतं. बिमला देवी (2009) प्रकरणापासून सर्वोच्च न्यायालय हे पुन्हा पुन्हा सांगत आलं आहे. काही वेळा तर प्रत्यक्षदर्शीही लागत नाही. नागपूरहून पांढुर्ण्याला निघालेली एक कार रस्त्याच्या उजव्या बाजूला जाऊन झाडावर आदळली, त्या पुष्पाबाई उदेशी प्रकरणात (1977) घटनाच स्वतः बोलते हे तत्त्व लावलं गेलं. गाडी तिथे का गेली याचा खुलासा चालवणाऱ्या बाजूने करायचा. ट्रक दुभाजक ओलांडून पलीकडे आला असेल तर तुमच्या वकिलाने हा निकाल खिशात ठेवावा. आणि ट्रकचालक साक्षीला आलाच नाही, तर त्याच्याविरुद्ध प्रतिकूल निष्कर्ष काढण्याची विनंती न्यायाधिकरणाला करता येते.

विमा कंपनी मयताच्या बाजूच्या उणिवाही शोधते. परवाना नव्हता, तिघं बसले होते. सुधीरकुमार राणा (2008) प्रकरणात परवाना नसणं म्हणजे आपोआप दोष नव्हे, असं ठरलं. मोहम्मद सिद्दीक (2020) प्रकरणात ट्रिपल सीटबद्दलही तेच: त्या गोष्टीमुळे अपघात घडला किंवा इजा वाढली हे दाखवता आलं पाहिजे. मागे बसलेल्या माणसाच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. दोन वाहनांच्या चुकीने तिसऱ्याला इजा झाली, तर तो पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही वसूल करू शकतो. त्यांनी आपसात काय ते भांडावं.

पैसे देणार कोण

दाव्यात चालक, नोंदणीकृत मालक आणि विमा कंपनी तिघांनाही पक्षकार करा. ट्रक तीन हातांतून विकला गेलेला असतो आणि आरसीवर अजून पहिल्याचंच नाव असतं, हा नेहमीचा प्रकार. कायदा आरसीवरच्या नावाला धरतो. ट्रॅक्टर-ट्रॉली असेल तर दोन्हींची नोंदणी आणि विमा वेगवेगळा पाहा. नंबर हाताशी असला की विमा आणि फिटनेस कधीपर्यंत आहेत ते एमपरिवहन अॅपवर दिसतं. अपघाताच्याच दिवशी त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

चालकाचा परवाना बनावट किंवा मुदत संपलेला निघाला तरी तुम्ही रिकाम्या हाताने परतत नाही. स्वर्णसिंग निकालापासून (2004) अशा प्रकरणांत विमा कंपनीने तिसऱ्या पक्षाला आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश होतात. परमिट नसल्यावरही हाच मार्ग 2018 मध्ये मान्य झाला.

खरा खड्डा वेगळा आहे. लग्नाचं वऱ्हाड, जत्रेचे लोक, शेतावरचे मजूर मालवाहू टेम्पोत भरून नेले जातात आणि तो उलटतो. आशा राणी प्रकरणात (2003) सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशांसाठी विमा कंपनी जबाबदार नाही. मग राहतो तो टेम्पोमालक, ज्याच्याकडे बहुधा तो टेम्पोच काय तो असतो. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मात्र विम्याखाली येतो. भाजीची पाटी घेऊन बसलेला शेतकरी आणि नुसता बसलेला त्याचा मित्र यांच्यातला फरक इतका महाग आहे, आणि बाजार समितीच्या पावतीवर तो ठरू शकतो.

ट्रकचा स्वतःचा चालक किंवा क्लीनर दगावला तर कर्मचारी नुकसानभरपाईच्या कायद्याची वाट खुली आहे. तिथे मालकाची चूक दाखवावी लागत नाही. दोन्ही कायद्यांखाली मात्र मागता येत नाही, एक निवडायचा. अपघात चालकाच्याच चुकीने झाला असेल तर कर्मचारी नुकसानभरपाईचा कायदा निवडण्यात शहाणपण आहे.

धडक देऊन पळालेला ट्रक सापडलाच नाही तर मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार, ही कलम 161 खालची योजना आहे. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांच्या पातळीवर जातो. उपचारांसाठी मे 2025 पासूनची विनारोकड योजना आहे: नेमून दिलेल्या रुग्णालयात 7 दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार.

वकील आणि मध्यस्थ

अपघात विभागाच्या बाहेर एक गृहस्थ भेटतो. त्याला पेशंटचं नाव, ट्रकचा नंबर, गाव सगळं माहीत असतं. ‘खर्च एक पैसा नाही, आलेल्या रकमेतले पंचवीस टक्के’, असं तो सांगतो आणि वकीलपत्रावर सही मागतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला आणि असं गिऱ्हाईक शोधत फिरायला वकिलाला मनाई करतात. वरच्या उदाहरणात पंचवीस टक्के म्हणजे साडेदहा लाखांच्या वर, हे सही करण्यापूर्वी मोजून पाहा. ठरलेली फी टप्प्याटप्प्याने घेणारा, त्या न्यायाधिकरणात नेहमी उभा राहणारा वकील शोधा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या व्हाउचरवर सही नको. दाव्याची प्रत आणि सीएनआर क्रमांक मागून घ्या. त्या क्रमांकावरून ई-कोर्ट्स अॅपवर तारीख घरबसल्या कळते.

फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळतो. नवरा गमावलेल्या बाईसाठी हा तिचा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नव्हे, आणि तरीही तिथल्या खिडकीवर अशा बायका फार कमी दिसतात.

ट्रकमालकाची माणसं तेराव्याच्या आत घरी येतात. अंत्यविधीला म्हणून पंचवीस-पन्नास हजार देतात आणि पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर ‘आपसात मिटले, तक्रार नाही’ अशी सही मागतात. पैसे माणुसकीने दिलेत तर घ्या, सही करू नका.

दावा अपघात झाला त्या जिल्ह्यात, तुम्ही राहता तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे, कुठेही दाखल करता येतो. अपघात धुळ्याजवळ झाला म्हणून साताऱ्याच्या कुटुंबाने दर तारखेला धुळ्याला जायची गरज नाही. मुदत मात्र कडक आहे: 1 एप्रिल 2022 पासून कलम 166(3) प्रमाणे अपघातापासून सहा महिने. या मर्यादेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर हातावर हात ठेवून बसू नये. पोलिसांचा सविस्तर अहवाल कायद्याने दाव्याचा अर्ज मानता येतो, तरी स्वतंत्र दावा सहा महिन्यांच्या आत दाखल केलेला बरा. सोबत कमाईचे पुरावे जोडा. प्लंबरकडे पगारपत्रक नसतं, पण बँकेच्या नोंदी, यूपीआयवर आलेले पैसे, ठेकेदाराचं पत्र चालतं. गृहिणीच्या कामालाही पैशातलं मोल धरावंच लागतं. जखमीच्या बाबतीत अपंगत्वाच्या टक्क्यापेक्षा त्याने कामावर काय परिणाम झाला हे पाहिलं जातं. टेलरचा अंगठा आणि कारकुनाचा अंगठा सारखा धरला जात नाही, पण ते डॉक्टरच्या आणि मालकाच्या साक्षीतून यावं लागतं.

लोकअदालतीत तडजोडीचा प्रस्ताव येईल. दोषाबद्दल तुमच्याकडे पुरावा कच्चा असेल तर ती वाट चांगली. पक्का असेल तर घाई नको, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. प्रस्तावाची रक्कम वरच्या हिशेबाशी ताडून पाहा आणि व्याज धरलं आहे का ते विचारा. दावा दाखल केल्याच्या तारखेपासून व्याज मिळू शकतं. न्यायाधिकरणाचा निकाल कमी वाटला तर 90 दिवसांत उच्च न्यायालयात तुम्हालाही अपील करता येतं. विमा कंपनीने अपील करून रक्कम न्यायालयात भरली असेल, तर ती अंशतः काढून घेण्याचा अर्ज अपील चालू असतानाच करता येतो.